तारा आणि तार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विज्ञान मंडळाच्या वतीने केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने)



मी बी. ए., बी. एड. माणूस. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. असा माणूस विजेच्या जोडणीवर बोलायला उभा राहिला याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आज जे सांगणार आहे ते मी पुस्तकातून कमी आणि स्वतःच्या एका चुकीतून जास्त शिकलो. त्या चुकीची झळ आपल्याच एका विद्यार्थ्याला लागली. म्हणून ती चारचौघांत सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

विषय असा की, दुर्बिणीच्या ऑटोगाइडरची जोडणी काम करीनाशी झाली तर मल्टीमीटर हाती घेऊन दोष कसा शोधावा. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी दुर्बीण असेल हे मला ठाऊक आहे. पण पंखा, पंप, मिक्सर, मोटारसायकल हे सर्वांकडे आहे, आणि दोष शोधण्याची रीत सगळीकडे एकच असते.

आधी ऑटोगाइडर म्हणजे काय ते पाहू. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पुरी करते. त्यामुळे आकाश आपल्या डोक्यावरून दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. चंद्राच्या बिंबाची रुंदी साधारण १८०० विकला. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर दोन मिनिटांत चंद्र आपल्या रुंदीइतका बाजूला जातो. यासाठी दुर्बिणीखाली मोटारीने फिरणारी बैठक असते, तिला माउंट म्हणतात. ती आकाशाच्या वेगाने दुर्बीण फिरवते. परंतु माणसाने कापलेले दाते अगदी बिनचूक नसतात. चाक किंचित पुढे जाते, किंचित मागे राहते. डोळ्याला ते कळत नाही, पण पाच मिनिटे उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याला कळते. ठिपक्यासारखा तारा फोटोत रेघेसारखा उमटतो.

पूर्वी यावर एकच उपाय होता. बाजूच्या लहान दुर्बिणीला डोळा लावून एक तारा काटेकोर रेघेवर धरून ठेवायचा आणि तो ढळला की हाताने दुरुस्ती करायची. या कामात नाव काढलेला माणूस म्हणजे एडवर्ड इमर्सन बर्नार्ड. १८५७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. वडील जन्मापूर्वीच वारले होते. शाळा मिळाली ती जेमतेम दोन महिने. नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास तो एका फोटोग्राफरच्या दुकानात कामाला लागला. फोटो मोठे करण्याचे यंत्र तेव्हा सूर्यप्रकाशावर चाले. सूर्य सरकेल तसे ते यंत्र हाताने फिरवून सूर्यावर धरून ठेवणे हे या पोराचे काम. हाच मुलगा पुढे कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत तासन् तास दुर्बिणीला डोळा लावून बसला आणि त्याने आकाशगंगेची अप्रतिम छायाचित्रे काढली. १८९२ साली गुरूचा पाचवा उपग्रह त्यानेच शोधला.

बर्नार्ड जे डोळ्याने आणि हाताने करी, ते आज ऑटोगाइडर करतो. एक लहान कॅमेरा एका ताऱ्याकडे टक लावून असतो. दर एक-दोन सेकंदांनी तो चित्र घेतो. तारा ढळला की संगणक हिशेब करतो आणि माउंटला सांगतो, ‘थोडी पूर्वेला’, ‘थोडी उत्तरेला’. हा निरोप सहा तारांच्या एका चपट्या केबलमधून जातो. टोकाला टेलिफोनसारखा प्लग असतो, त्याला आरजे-१२ म्हणतात. माउंटवरच्या सॉकेटला एसटी-४ हे नाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एका ऑटोगाइडरचे ते नाव, ते आजही टिकून आहे.

आता घडलेली हकिकत सांगतो. आपल्या विज्ञान मंडळाकडे एका माजी विद्यार्थ्याने दिलेली दुर्बीण आहे. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा फोटो काढायचे आम्ही ठरवले. गाइड कॅमेरा बसवला, त्याची केबल आखूड पडत होती म्हणून लांब केबल आणली, मुलांना चहा-बिस्किटे आणली. संगणकावर पीएचडी-२ नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम घातला होता. तो आधी माउंटला जरा इकडे-तिकडे हलवून पाहतो आणि मगच कामाला लागतो. त्याने सांगितले, ‘तारा पुरेसा हलला नाही.’ पुन्हा केले, पुन्हा तेच. अशा तीन रात्री गेल्या.

त्याच आठवड्यात दहावीच्या एका मुलाच्या हातून माउंटची पेटी जिन्यावर आपटली होती. ते मी डोळ्यांनी पाहिले होते. मला आणखी पुरावा नको वाटला. मी सर्व मुलांदेखत त्याला बोललो, “तुझ्यामुळे हे नुकसान झाले.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मंडळात यायचा बंद झाला. एका दुकानदाराला फोनवर विचारले, तो म्हणाला, बहुधा आतला बोर्ड बदलावा लागेल. रक्कम ऐकून मी गप्प झालो. ती पालकांकडून कशी मागावी याचा मी विचार करीत होतो.

चौथ्या दिवशी मुलाचे वडीलच शाळेत आले. मोटार रिवायंडिंगचे काम करणारा माणूस. खांद्याला हत्यारांची पिशवी. म्हणाले, “सर, पोराकडून नुकसान झालं असेल तर मी भरून देतो. पण आधी मोजून बघू द्या. न मोजता मी कुणाची मोटर उघडत नाही.” आणि त्यांनी पिशवीतून मल्टीमीटर काढला.

मित्रांनो, त्या संध्याकाळी गच्चीवर जे झाले ते मी क्रमाने सांगतो. हा क्रम लिहून ठेवण्यासारखा आहे.

पहिली पायरी, वीज. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या घरात ठेवला. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पुरी भरलेली असेल तर काही काम न करता सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. पण नुसते तेवढे पाहून भागत नाही. माउंट वेगाने फिरत असताना मोजावे लागते. कमजोर बॅटरी किंवा सैल प्लग बिनकामाच्या वेळी सज्जन दिसतो आणि भार पडला की मान टाकतो. फिरताना आकडा ११.५ च्या खाली घसरू लागला तर आधी बॅटरी आणि तिचा प्लग पाहावा. आमचा आकडा १२ च्या वर राहिला. वीज निर्दोष.

दुसरी पायरी, केबल. येथे दोन्ही टोके काढून घ्यावीत. वीज चालू असलेल्या जोडणीवर ओहम कधीही मोजू नयेत. आकडा खोटा येतो आणि मीटरही बिघडू शकतो. प्लग असा धरावा की खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तोंड आपल्यापासून दूर. मग डावीकडून १ ते ६ मोजावे. प्रचलित मांडणी अशी आहे: १ रिकामी, २ समाईक, ३ आणि ६ विषुवांशाच्या म्हणजे पूर्व-पश्चिम दिशांच्या, ४ आणि ५ क्रांतीच्या म्हणजे उत्तर-दक्षिण दिशांच्या. तरी आपल्या माउंटचे माहितीपुस्तक एकदा पाहावेच. पुस्तक माझ्याकडे होते, हात त्यांच्याकडे. मी वाचत गेलो, ते मोजत गेले.

पट्ट्या बारीक असतात, मीटरची टोके जाड. त्यांनी दोन शिवणकामाच्या सुया घेतल्या आणि चिमट्यांनी मीटरला जोडल्या. प्रथम सुया एकमेकींना टेकवून मीटर वाजतो का ते पाहिले. ही सवय फार चांगली आहे. ज्या मापाने मोजायचे ते माप आधी तपासावे. मग एका टोकाची १ आणि दुसऱ्या टोकाची १, असे सहाही पाहायचे. दोन-तीन मीटर लांबीच्या चांगल्या केबलमध्ये प्रत्येक तारेचा रोध एक-दोन ओहमच्या आत असतो. शेजारच्या दोन तारा मात्र एकमेकींशी वाजता कामा नयेत. शेवटी प्लगजवळ केबल हळूच वाकवून पुन्हा मोजायचे, कारण तुटलेली तार सरळ असताना जुळते आणि दुर्बीण वळली की सुटते.

आमच्या केबलची १ वाजेना. २ वाजेना. एकही आपल्या जोडीदाराशी वाजेना. त्यांनी सुई एकेका पट्टीवर फिरवून पाहिली. या टोकाची २ त्या टोकाच्या ५ शी वाजली, आणि ३ ही ४ शी. १ आणि ६ या जागी तारच नव्हती. ते म्हणाले, “सर, ही तर टेलिफोनची वायर आहे.”

ती लांब केबल बाजारातून मीच आणली होती. प्लग तसाच दिसत होता, सॉकेटमध्ये खट्कन बसला होता. दुकानदाराचा यात काही दोष नाही. फोनसाठी ती तार बरोबरच होती. तिच्यात चारच तारा असतात आणि दोन टोके बहुधा उलटी जोडलेली असतात. फोनला ते चालते. ऑटोगाइडरला चालत नाही, कारण सर्व दिशा ज्या एका समाईक तारेवर अवलंबून आहेत तीच चुकीच्या जागी जाऊन बसते. मग कॅमेरा कितीही ओरडला तरी माउंटला ऐकू येत नाही. मीटर नसला तरी हा दोष नजरेने धरता येतो. दोन्ही प्लग शेजारी शेजारी, खटके खाली आणि तोंडे एकाच दिशेला धरावीत. रंगांचा क्रम दोन्हींत सारखा दिसला आणि रंग सहा असले तर केबल सरळ आहे.

मला वाटले, झाले, दोष सापडला. ते म्हणाले, “एक सापडला म्हणजे दुसरा नाही असं होत नाही. पेटी आपटली होती ना? तेही बघू.” आपल्या मुलाची बाजू अशी अर्धवट सुटलेली त्यांना नको होती. ते बाजारात गेले, सहा तारांची चपटी केबल आणि प्लग घेऊन आले. एक लांब सरळ केबल बनवली. उरलेल्या तुकड्याच्या एका टोकाला प्लग बसवला आणि दुसऱ्या टोकाच्या सहाही तारा सोलून मोकळ्या ठेवल्या. ही झाली तपासणीची तार.

तिसरी पायरी, माउंट. तपासणीची तार माउंटच्या गाइड सॉकेटात घातली, माउंट चालू केला. मीटर पुन्हा डीसी व्होल्टवर. काळे टोक समाईक तारेला, लाल टोक चार दिशांना एकामागून एक. पुष्कळ माउंटांत येथे सुमारे ३.३ किंवा ५ व्होल्ट मिळतात आणि चारही आकडे जवळजवळ सारखे असतात. आमचे चारही ५ च्या आसपास आले. एखादी दिशा शून्य दाखवती, तर माउंटच्या आत दोष आहे असे समजलो असतो. आणि १२ व्होल्ट दिसले, तर तिथेच थांबायचे, कारण आपण चुकीच्या सॉकेटात आहोत. काही माउंटांवर हाताच्या रिमोटचे सॉकेट हुबेहूब असेच असते आणि त्यात वीज असते. गाइड कॅमेरा त्यात जोडला तर कॅमेरा जळू शकतो. तसेच ही केबल भिंतीवरच्या टेलिफोनच्या खोबणीत कधीही घालू नये. तिथे सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि घंटी वाजताना त्याहून पुष्कळ जास्त.

आकडे बरोबर आले की समाईक तार एका दिशेच्या तारेला क्षणभर टेकवायची. ऑटोगाइडर आत एवढेच करतो, त्याहून जास्त काही नाही. तारा टेकल्या की माउंट त्या दिशेला सरकला पाहिजे. पण हे सरकणे फार हळू असते. गाइडचा वेग आकाशाच्या वेगाच्या निम्मा ठेवला तर सेकंदाला साडेसात विकला. नुसत्या डोळ्याने माउंटकडे पाहून काही कळणार नाही. जास्त मोठे दाखवणारी भिंग-नळी लावून ताऱ्याकडेच पाहावे. विषुवांशाची मोटार तर एरवीही चालूच असते. ती फक्त थोडी जलद किंवा थोडी मंद होते. येथेच पुष्कळजण फसतात आणि चांगला माउंट बिघडला म्हणतात.

आम्ही मृगाच्या बाणातील तीन ताऱ्यांपैकी सर्वांत उत्तरेकडचा तारा घेतला. तो खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. पूर्व-पश्चिम हालचाल तिथे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून अशा चाचणीला तो उत्तम. त्याचे नाव मिंटाका. अरबीत ‘मिंतका’ म्हणजे कमरेचा पट्टा. तारा टेकवल्या आणि मिंटाका हळूच सरकू लागला. चारही दिशांना सरकला. पेटी आपटूनही माउंटला काही झाले नव्हते.

चौथी पायरी, कॅमेरा. तपासणीची तार आता कॅमेऱ्याच्या गाइड सॉकेटात घातली. पीएचडी-२ मध्ये हाताने आज्ञा देण्याची सोय आहे. एकेका दिशेची पाच सेकंदांची आज्ञा दिली आणि मीटरवर पाहिले. येथे एक बारकावा आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांत साधे बटण नसून ऑप्टोकपलर नावाचा प्रकाशावर चालणारा भाग असतो. तो एकाच बाजूने वीज जाऊ देतो. म्हणून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा, लाल टोक दिशेला आणि काळे समाईक तारेला. आज्ञा दिली की ‘उघडे’ दाखवणारा आकडा एकदम खाली आला पाहिजे. टोके उलटी लावली तर चांगला कॅमेराही मेला असे वाटेल. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये ओहम मोजताना काळे टोक धन असते, तेही ध्यानात ठेवावे. आमच्या कॅमेऱ्याने चारही दिशांना उत्तर दिले.

मग नवी केबल जोडली. संगणकाने तारा पूर्वेला नेला, पश्चिमेला आणला, उत्तर-दक्षिण केले आणि निमूटपणे कामाला लागला. त्या रात्री मृगातील तेजोमेघाचा फोटो आला. तो आज विज्ञान मंडळाच्या फलकावर लावला आहे, जरूर पाहा. तारे ठिपक्यांसारखे आहेत.

एवढे सगळे होऊनही काम झाले नसते तर? तर मीटर बाजूला ठेवावा. दात्यांतला ढिलेपणा, सैल स्क्रू, कुठेतरी अडकून ओढली जाणारी केबल, हे मीटरला दिसत नाही. तारांना दोष नाही हे मात्र तो खात्रीने सांगतो, आणि निम्मा शोध तिथेच संपतो. आता पुष्कळजण ही सहा तारांची केबल न वापरता यूएसबीवरून माउंटला आज्ञा देतात. तिथेही हीच रीत लागू आहे. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या काही केबलींत निरोपाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, पण बोलणे होत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आता राहिलेली गोष्ट. त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या. पेटी आपटली होती आणि केबल बदलली होती. मुलाच्या हातून झाले ते मला दिसले. माझ्या हातून झाले ते दिसले नाही. पेटीचा आवाज झाला होता, केबल निमूटपणे बसली होती. मी तीन रात्री मोजण्याऐवजी दोष कोणाचा ते ठरवत बसलो.

सोमवारी मी त्या मुलाला वर्गातून बोलावले आणि ज्या मुलांदेखत बोललो होतो त्यांच्यासमोर सांगितले, “बेटा, चूक माझी होती. केबल मी आणली होती.” तो पुन्हा काही बोलला नाही, पण त्या शनिवारी गच्चीवर सर्वांच्या आधी आला. आता मंडळाचा मल्टीमीटर त्याच्याच ताब्यात असतो आणि नवव्या इयत्तेच्या मुलांना तो मोजायला शिकवतो.

विद्यार्थी मित्रांनो, साधा मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो. दोघातिघांत मिळून घ्या. बॅटरी, चार्जर, सायकलचा दिवा यांवर हात बसवा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला मात्र मोठ्या जाणकारांशिवाय हात लावू नका. मोजलेले आकडे तारीख घालून वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पालकांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी वायरमन आहे, कोणी गॅरेजवाला, कोणी शिलाईची मशीन दुरुस्त करणारा. शाळेत आलात की तुम्ही मागच्या बाकावर संकोचून बसता. आमच्या दुर्बिणीचा दोष पदवीधर माणसाला सापडला नाही, तो तुमच्यापैकीच एकाने शोधला. महिन्यातून एक शनिवार विज्ञान मंडळाला द्या आणि येताना आपली हत्यारांची पिशवी घेऊन या.

आणि आम्हा शिक्षकांसाठी त्या गृहस्थांचे एक वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले आहे: “आधी मोजून बघू.” मूल गणितात मागे पडते, शाळा चुकवते, उलट बोलते. अशा वेळीही आधी कोणती तार सुटली आहे ते पाहावे, हे मी आता लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करतो.